सवलत फक्त परीक्षेपुरती नको

महोदय,

दिव्यांग विद्यार्थ्यांना वार्षिक परीक्षेत लेखनिक मिळतो, पण वर्गात त्याचा सराव झालेला नसतो. उत्तर सांगून लिहून घेणे हे वेगळेच कौशल्य आहे: वाक्य मनात जुळवायचे, परिच्छेद कुठे पाडायचा ते सांगायचे, आकृती शब्दांत समजावायची. पहिल्या घटक चाचणीपासूनच हे सुरू व्हावे.

काय तपासायचे आहे, हेही आधी ठरवावे. विज्ञानाचा प्रश्न वाचून दाखवला तरी तपासले जाते विज्ञानच. वाचनाच्या चाचणीतला उतारा वाचून दाखवला, की ती श्रवणाची चाचणी होते. शुद्धलेखनाला गुण असतील तर ऱ्हस्व-दीर्घ विद्यार्थ्यानेच सांगायला हवेत. एरवी ते गुण लेखनिकाचे.

अल्पदृष्टी मुलांसाठी ए-४ प्रश्नपत्रिकेची ए-३ झेरॉक्स काढतात. यात लांबी-रुंदी मूळच्या १४१ टक्के होते, म्हणजे १२ पॉइंटचे अक्षर जेमतेम १७ होते; मोठ्या छपाईत साधारण १८ तरी लागते. कागद बाकावर मावत नाही, रेषा फिकटतात. भूमितीत तर गंमतच: ‘रेषाखंड मोजा’ म्हटले, की ५ सेंटिमीटरचा रेषाखंड ७ भरतो आणि बरोबर मोजणारा नापास! त्यापेक्षा मूळ फाइलमध्ये अक्षर वाढवून ए-४ वरच छापावे आणि मोजमापाच्या आकृत्यांसाठी उत्तरसूची वेगळी करावी.

आणि फळ्याकडे तोंड करून दिलेली सूचना ओठ वाचणाऱ्या मुलापर्यंत पोहोचतच नाही.

– एक विशेष शिक्षक