मांजराचं खाणं मुठीनं नको, मापानं द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सोलापुरात पूर्वी मांजर वाड्याचं असायचं. चार घरी फिरायचं, उंदीर मारायचं, मिळेल ते खाऊन राहायचं. आता जुळे सोलापूर, होटगी रोड, विजापूर रोडच्या फ्लॅटमध्ये ते दाराआड राहतं आणि घरच्या लेकरासारखं वाढतं. लोकांना मुक्या जिवाचा एवढा लळा लागलेला पाहून मला मनापासून बरं वाटतं. पण त्याच्या खाण्याच्या बाबतीत जे घरोघरी चाललं आहे त्याची काळजी वाटते, म्हणून हे पत्र.

मी पशुधन पर्यवेक्षक होतो. माझी नोकरी मोहोळ, मंगळवेढा, अक्कलकोट या भागांतल्या दवाखान्यांत, बहुतेक म्हशी, गाई, शेळ्यांमध्ये गेली. निवृत्त झाल्यापासून आजूबाजूचे लोक मांजरं घेऊन येतात. औषधपाणी हे डॉक्टरांचं काम, त्यासाठी मी त्यांना डॉक्टरांकडेच पाठवतो. पण आधी एक प्रश्न हमखास विचारतो: दिवसभरात याला काय काय देता, आणि किती? याचं पुरतं उत्तर घरातल्या एकाही माणसाला देता येत नाही. प्रत्येकाला आपण दिलेलं तेवढं माहीत असतं.

आमच्याच इमारतीतल्या एका घराचं सांगतो. त्यांचा पांढरा-करडा बोका आहे, नसबंदी झालेला. आजी पहाटे पूजेच्या आधी त्याला बशीभर म्हशीचं दूध ठेवतात. सूनबाई कामावर निघताना वाटी काठोकाठ कोरड्या खाद्यानं भरून जातात. नातू शाळेतून आला की मांजरांसाठी मिळणाऱ्या चाटायच्या क्रीमची ट्यूब पिळतो. रात्री आजोबा आपल्या ताटातले चिकनचे दोन तुकडे बाजूला काढतात. सगळ्यांचं म्हणणं एकच, "आम्ही तर एवढंसंच देतो." आजोबांना आधी एकटं वजनकाट्यावर उभं केलं, मग बोक्याला घेऊन उभं केलं आणि वजाबाकी केली. बोका भरला ६ किलो ८०० ग्रॅम. बरगड्यांवर बोटं फिरवली तर एक बरगडी हाताला लागेना. वरून पाहिलं तर कंबर कुठे आहे ते कळेना. शेपटीच्या मुळाशी पाठीवरच्या केसांच्या गाठी झाल्या होत्या. मांजरासारखं स्वच्छ जनावर, पण वळून तिथपर्यंत जीभ पोहोचत नव्हती. घरच्यांना वाटत होतं, बोका चांगला बाळसेदार झालाय.

हिशेब अवघड नाही. घरातच राहणाऱ्या, नसबंदी झालेल्या ४ किलोच्या मोठ्या मांजराला दिवसाला साधारण २०० ते २४० कॅलरी पुरतात. कोरड्या खाद्याच्या १०० ग्रॅममध्ये बहुधा ३५० ते ४०० कॅलरी असतात. म्हणजे फक्त कोरडं खाद्य देत असाल तर दिवसाचं माप झालं ५० ते ६५ ग्रॅम. आमच्या घरची आमटीची वाटी मी काट्यावर ठेवून भरून पाहिली, तिच्यात ६० ग्रॅम बसतं. थोडक्यात, सूनबाईंची ती एक वाटी हाच अख्ख्या दिवसाचा आहार होता. बाकी सगळं त्याच्यावर. म्हशीच्या १०० मिली दुधात सुमारे १०० कॅलरी असतात. ४ किलोच्या मांजराच्या दिवसभराच्या गरजेतला जवळजवळ निम्मा वाटा उजाडायच्या आत पोटात गेलेला असतो, आणि तो कुणी खाण्यात धरत नाही, कारण ते "नुसतं दूध" असतं.

मंगळवेढ्याचा शेतकरी म्हशीला खुराक घालताना दोन लिटर दुधामागे एक किलो हे माप चुकत नाही. सरकी पेंड महाग आहे, शिवाय जास्त झालं तर जनावर बिघडतं, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. शंभर पट लहान जिवाला आपण मूठ-मूठ ओततो आणि त्याला माया म्हणतो, हे मला पटत नाही. मायाच असेल तर ती मापात दिसली पाहिजे.

त्या घराला मी एकच गोष्ट करायला सांगितली. सकाळी दिवसाचं खाणं मोजून एका डब्यात काढायचं. ज्याला मांजराला काही द्यायची इच्छा होईल त्यानं त्या डब्यातूनच द्यायचं. डबा रिकामा झाला की त्या दिवसाचं संपलं. ओलं खाद्य द्यायचं असेल तर एक पाऊच देताना डब्यातलं सुमारे २० ग्रॅम कोरडं आधी काढून घ्यायचं, कारण ८५ ग्रॅमच्या पाऊचमध्ये बहुधा ६० ते ८० कॅलरी असतात. क्रीमची ट्यूब आणि तसला खाऊ मिळून दिवसाच्या कॅलरीच्या दहाव्या हिश्शापुढे जाऊ द्यायचा नाही. माप धरताना आजचं फुगलेलं वजन धरायचं नाही, त्याचं जे असायला हवं ते धरायचं. तेही डॉक्टरांना विचारून, हळूहळू. आठवड्याला वजनाचा शंभरावा हिस्सा कमी झाला तरी पुष्कळ. आजींना दूध बंद करणं जड गेलं. त्या आता पहाटे डब्यातले दाणे बशीत घालतात, बोका तेवढ्याच आवडीनं येतो. उन्हाळ्यात सुरुवात केली, गणपतीपर्यंत तो पाऊण किलोनं उतरला होता आणि वॉशिंग मशिनवर उडी मारून बसू लागला होता.

किती वेळा द्यायचं, हेही तितकंच महत्त्वाचं आहे. मांजराचं पोट लहान असतं. रानात राहणारं मांजर दिवसरात्रीत आठ-दहा उंदीर थोडे थोडे करून खातं. एका उंदरातून जेमतेम ३० कॅलरी मिळतात. म्हणून मोठ्या मांजराला दिवसातून निदान दोनदा, आणि जमलं तर तीन-चारदा विभागून द्यावं. आमच्याकडे सकाळी, दुपारी, दिवेलागणीला आणि झोपण्यापूर्वी असं ठरलेलं आहे. झोपतानाचं खाणं चुकवू नका, पहाटे चारला दार खरवडणारी मांजरं बरीचशी त्यानंच शांत होतात. नवरा-बायको दोघं कामाला जात असतील तर दुपारच्या वाटणीचं कोरडं मोजून ठेवून जावं. वाटी भरून ठेवू नये. काही मांजरं भरलेल्या वाटीतूनही बेतानं खातात, पण नसबंदीनंतर भूक वाढते आणि गरज मात्र पाचव्या हिश्शाहून जास्त घटते. त्यामुळे ऑपरेशनचे टाके निघाले की त्या आठवड्यापासूनच माप कमी करायला घ्या.

पिल्लांना हे माप लावू नका. महिन्याचं झालं की पिल्लू मऊ खाणं चाटायला लागतं, दोन महिन्यांपर्यंत आईचं दूध सुटतं. त्यानंतर चार महिन्यांपर्यंत दिवसातून चारदा, सहा महिन्यांपर्यंत तीनदा द्यावं, आणि वर्षभर पिल्लांचंच खाद्य द्यावं. अंगावर पिल्लं असलेल्या मांजरीला तर हात आखडू नये. तिला एरवीच्या दुप्पट-तिप्पट लागतं, तिची वाटी भरलेली असली तरी चालेल.

आता दूध-चपातीविषयी. आपल्याकडे शाकाहारी घरं पुष्कळ आहेत. त्यांच्या घरच्या चुलीवर काय शिजावं हा माझा विषय नाही. पण मांजर दूध-चपातीवर जगू शकत नाही, हे मला हात जोडून सांगायचं आहे. बऱ्याच मोठ्या मांजरांना दुधातली साखर पचत नाही, जुलाब होतात. त्याहून मोठी गोष्ट टॉरिनची. मांजराच्या हृदयाला आणि डोळ्यांना टॉरिन नावाचा घटक लागतो. तो मांसात असतो, आणि मांजराचं शरीर तो पुरेसा तयार करू शकत नाही. १९७५ मध्ये टॉरिन कमी पडल्यानं मांजरांची दृष्टी जाते हे शास्त्रज्ञांनी दाखवलं. १९८७ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी त्याच कारणानं हृदय फुगून मांजरं दगावतात हे सिद्ध केलं. ती मांजरं रस्त्यावरची नव्हती, बाजारातलं तयार खाद्य खाणारी होती. त्यानंतर कंपन्यांनी खाद्यातलं टॉरिन वाढवलं. घरात मांस शिजत नसेल तर पाकिटावर "संपूर्ण आहार" असं लिहिलेलं मांजरांचं खाद्य द्या, हात न लावता चमच्यानं वाढता येतं. कुत्र्याचं खाद्य मांजराला चालत नाही, तेही याच कारणानं.

मांसाहारी घरांत दुसरं टोक दिसतं. नुसतं उकडलेलं चिकन, रोज. त्यात कॅल्शियम जवळजवळ नसतं. अशा चिकनवर वाढलेल्या पिल्लांची हाडं कच्ची राहतात, साध्या उडीनं पाय मोडतो. अधूनमधून बिनहाडाचं, बिनमिठाचं चिकन वरचं म्हणून ठीक आहे, मापात धरून. शिजवलेली हाडं देऊ नका, ती टोकदार फुटतात. सुकट-बोंबील मांजराला फार आवडतं, पण त्यात मीठ फार असतं.

आणि कांदा-लसूण. हा मुद्दा सोलापूरकरांनी विशेष लक्षात घ्यावा. मटणाचा रस्सा, शेंगाचटणी लावलेली भाकरी, चिकनच्या मसाल्याला पुसलेला चपातीचा तुकडा, या सगळ्यांत कांदा किंवा लसूण असतो. कांदा-लसणानं मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. शिजवून, वाळवून, पूड करून त्याचा हा गुण जात नाही. मांजर मलूल पडतं, हिरड्या पांढुरक्या दिसतात, लघवीचा रंग गडद होतो, आणि घरच्यांना दोन दिवसांपूर्वीचा तो रस्सा आठवतही नाही. ताटातलं उष्टं मांजराला घालायची सवय एवढ्यासाठी तरी सोडावी.

आपल्या उन्हाळ्याचाही विचार हवा. एप्रिल-मे मध्ये पारा ४० च्या वर जातो तेव्हा ओलं खाद्य अर्ध्या-पाऊण तासानं उचलून टाकावं. मांजर दुपारी खात नाही म्हणून घाबरू नये, सकाळी लवकर आणि रात्री वाटणी जास्त ठेवावी. वाटी पाण्याच्या ताटलीत ठेवली की मुंग्या लागत नाहीत. ४ किलोच्या मांजराला दिवसाला खाण्यातलं धरून २०० मिलीच्या आसपास पाणी लागतं. कोरड्या खाद्यात पाणी दहाव्या हिश्शाएवढंच, ओल्यात मात्र तीन चतुर्थांशाहून जास्त. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, पण मांजराचं पाणी रोज बदलायला हवं. दोन-तीन ठिकाणी पसरट भांड्यांत ठेवलं तर ते जास्त पितं. कोरडं खाणारा बोका पुन्हा पुन्हा लघवीला बसतो आणि थेंबही होत नाही असं दिसलं, तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा. एका-दोन दिवसांत जीव जातो.

आता उलट बाजू. मांजर उपाशी ठेवलं म्हणजे उंदीर धरतं, हा समज आपल्या आडत दुकानांत आणि यंत्रमागाच्या कारखान्यांत आजही पक्का आहे. शिकार ही मांजराची उपजत वृत्ती आहे, तिचा भुकेशी संबंध फार थोडा. पोटभर खाल्लेलं मांजरही उंदरावर झेप घेतं. भुकेलं मांजर अन्न शोधत जागा सोडून जातं, अशक्त होतं, आजारी पडतं. ज्यांच्या गोदामात मांजर आहे त्यांनी त्याला रोज ठरल्या वेळी मापानं खायला घालावं, ते तिथंच राहील आणि कामही करील. तसंच लठ्ठ मांजर बारीक करायचं म्हणून त्याचं खाणं कधीही एकदम तोडू नका. मांजर दोन-तीन दिवस काही खाल्लं नाही तर अंगातली चरबी यकृतात साचते आणि यकृत निकामी होऊ लागतं. लठ्ठ मांजराला हा धोका सर्वांत जास्त. एक दिवस अन्नाला तोंड लावलं नाही की लक्ष ठेवावं, दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे न्यावं.

शेवटी दुकानदारांना एक विनंती. शहरात काही ठिकाणी मोठ्या पोत्यातलं खाद्य सुटं, पारदर्शक पिशवीत बांधून किलोवर विकलं जातं. स्वस्त पडतं म्हणून लोक नेतात, त्यांची अडचण मला कळते. पण त्या पिशवीवर काही छापलेलं नसतं. ते पिल्लाचं आहे की मोठ्याचं, संपूर्ण आहार आहे की नाही, १०० ग्रॅममध्ये कॅलरी किती, मुदत कधीची, ग्राहकाला यातलं काही समजत नाही. वर उघड्या पोत्यातली चरबी खवट होते ती वेगळीच. सुटं विकायचंच असेल तर या चार गोष्टी चिठ्ठीवर लिहून पिशवीला लावाव्यात. आणि ग्राहकांनी चिठ्ठी नसेल तर मूळ पोतं दाखवायला सांगावं, मोबाइलवर त्याचा फोटो काढून घ्यावा आणि घरी जाऊन वाटी काट्यावर ठेवावी.

आपल्या लोकप्रिय दैनिकात या पत्रास जागा मिळावी, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक निवृत्त पशुधन पर्यवेक्षक,
जुळे सोलापूर