सुमे, गाडी बदलू का?

सातारा,
रविवार

प्रिय सुमे,

फोनच करणार होते. पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस, आणि मधेच कुकरची शिट्टी झाली की सगळं मुसळ केरात. म्हणून पत्र. इकडे सगळे बरे आहेत. आप्पांची शुगर आटोक्यात, सतीशची पाठ आहे तशीच, माझी थायरॉइडची गोळी थोडी वाढवलीय. आईच्या डोळ्याचं पुढे येईलच.

झालंय असं की आपली विजेवरची नेक्सॉन बदलायचं घाटतंय. घरात सगळ्यांचं एकमत आहे, माझा एकटीचा पाय निघत नाही. तो का निघत नाही हे तुझ्याशिवाय कुणाला सांगून कळायचं नाही. विश्रामबागेपासून गणपतीच्या देवळापर्यंत विजेवर चालवायला बॅटऱ्या लादलेली लुना ढकलत नेणाऱ्या सांगलीत दोनच मुली होत्या. (कंट्रोलरच्या वायरी तू उलट्या जोडल्या होत्यास. वहीतलं अक्षर तुझं होतं, आणि ती वही अजून माझ्याकडे आहे.)

तर आईचा डोळा. पडद्यासाठी इंजेक्शनं घ्यायला तिला पुण्याला न्यावं लागतं. जाऊन-येऊन, गावातलं फिरणं धरून, सव्वादोनशे किलोमीटरच्या पुढे जातं. आपली गाडी एकदा भरली की हायवेला एसी लावून एकशे ऐंशीच्या आसपास चालते. म्हणजे वाटेत कुठंतरी तासभर थांबणं आलंच. मागच्या पावसाळ्यात येताना नेहमीच्या हॉटेलपाशी गेलो, तर तिथली चार्जिंगची मशीन बंद. पुढच्या ठिकाणी एकच गन, तीही दुसऱ्या गाडीला लावलेली आणि तिचा मालक आत जेवायला बसलेला. बाहेर धो धो पाऊस, आईच्या डोळ्यावर पट्टी. जाताना बोगदा होता, येताना खंबाटकीचा घाट चढायचा होता. तो माणूस जेवून, बडीशेप खाऊन, फोनवर बोलून बाहेर येईपर्यंत आई मागच्या सीटवर एक शब्द बोलली नाही. घरी आल्यावर तिने सतीशला एवढंच विचारलं, "पुढच्या वेळी एसटीने गेलो तर चालेल का?"

ते वाक्य मला लागलं. मग सतीशने विषय काढला आणि आम्ही एका शोरूममध्ये गेलो.

एक्स्चेंजच्या टेबलावरचा मुलगा चांगला होता, काकू काकू करत होता. त्याने टायर पाहिले, दारांच्या कडांवरून बोट फिरवलं, चारी काचा खाली-वर करून बघितल्या. मग गाडी चालू करून मीटर पाहिला. आदल्या दिवशी हायवेला पळवलेली, तरी भरलेल्या बॅटरीला १६८ किलोमीटर दाखवत होता. "काकू, बॅटरी संपत आलीय. गाडीचे पाच लाख येतील." मी म्हटलं, अरे, बॅटरीला काही लावून बघणार नाहीस का? तर म्हणाला, मॉडेलचं वर्ष टाकलं की किंमत आपोआप येते. पुढे या गाडीचं काय होतं म्हणून विचारलं, तर "जुन्या गाड्यांच्या लॉटमध्ये जाते. कुणी चालवतं, कुणी बॅटरी काढून विकतं."

सुमे, मला त्या पाच लाखांचं एवढं वाटलं नाही. न मोजता आकडा सांगितला याचं वाटलं. आपल्या सरांनी अशा मुलाला लॅबमधून बाहेर काढलं असतं.

रात्री घरी येऊन मीच मोजायचं ठरवलं. सतीशला समजावलं तेच तुला लिहिते, कुठं चुकतंय का बघ. आपल्या नेक्सॉनची बॅटरी एलएफपी, लिथियम आयर्न फॉस्फेट. टिकायला चिवट, पण तिचं व्होल्टेज भरलेली असताना आणि निम्मी झालेली असताना जवळजवळ सारखंच. त्यामुळे आत किती उरलंय हे गाडीला व्होल्टेजवरून नीट ओळखता येत नाही, ती आत-बाहेर गेलेल्या करंटची बेरीज-वजाबाकी करत बसते. रोज थोडं थोडं चार्ज करत राहिलं की तो हिशेब सरकत जातो. अधूनमधून हळू चार्जरवर शंभर टक्क्यांपर्यंत नेऊन तशीच लावून ठेवली, की सेल एका पातळीला येतात आणि हिशेब पुन्हा जुळतो. मीटरवरचे किलोमीटर तर मागच्या चालवण्यावरून काढलेला अंदाज. त्यावरून बॅटरी संपली म्हणणं हा अन्याय आहे.

म्हणून गाडी आधी दोनदा रात्रभर पूर्ण भरून घेतली, मग दहा टक्क्यांपर्यंत उतरवली. गाडीच्या सॉकेटला सतीशने सबमीटर बसवून घेतलाय, सोलरचं तीन किलोवॉट घातलं तेव्हाचा. मोबाईलच्या उजेडात त्याचं रीडिंग घेतलं. दहापासून शंभरपर्यंत २८ युनिट गेले, वेळ लागला साडेआठ तास. चार्जरमध्ये नि उष्णतेत बारा टक्के वाया गेले असं धरलं, तर आत पोचले साधारण २४.६. ते नव्वद टक्के, म्हणजे पूर्ण बॅटरी २७.४. नवी होती तेव्हा ३०.२. सुमे, ९१ टक्के! पाच वर्षांवर झाली, चार उन्हाळे दारात उभी राहून काढले (पत्र्याची शेड नंतर झाली), यवतेश्वरचा घाट कितीदा चढली, तरी ९१.

पहाटे स्वयंपाकघरात उभी राहून वहीच्या मागच्या पानावर हा भागाकार केला आणि मला आपली लुना आठवून रडू आलं. शिशाच्या बॅटऱ्या होत्या त्या, एका पावसाळ्यात मेल्या. मग तू मला फलटणला नेलंस, निंबकर संस्थेत बॅटरीवर चालणारी सायकलरिक्षा दाखवायला. परतीच्या एसटीत म्हणालीस, "गाडी होईल गं. बॅटरी हवी." तेव्हा आपल्याला वाटलेलं, ती यायला आपण म्हाताऱ्या होऊ.

२०२० ला मी ही घेतली तेव्हा तू किती भांडलीस! पहिल्या लॉटची कुठलीच वस्तू घेऊ नये, दोन वर्षं थांब, आठ वर्षांची वॉरंटी कागदावर असते, काय काय. दिवाळीत दोन आठवडे बोलली नाहीस. तुझा थांबण्याचा मुद्दा आता आकड्यांत बरोबर दिसतो, हेही लिहिते. जानेवारी २०२० मध्ये एक्स-शोरूम १३.९९ लाखांपासून होती, ३०.२ ची बॅटरी. २०२४ मध्ये त्याच १३.९९ ला ४५ ची बॅटरी आली. पैसे तेवढेच, बॅटरी दीडपट. पण थांबले असते तर आप्पांना कासला कुणी नेलं असतं? कोयनेच्या पोफळी पॉवरहाऊसमध्ये जन्म काढलेला माणूस. पहिल्यांदा यवतेश्वर उतरताना मी त्यांना दाखवलं, आप्पा, बघा, ब्रेकच्या जागी मोटर जनरेटर होते आणि चार्ज परत वाढतोय. ते पार खालपर्यंत त्या काट्याकडे बघत होते. मग म्हणाले, "आमचं पाणी टर्बाइनमधनं खाली गेलं की वाशिष्ठीत. परत येत नाही." घरी येऊन आम्ही दोघांनी हिशेब मांडला. सातारा ते कास साधारण पाचशे मीटर चढ, माणसांसकट सोळाशे किलो. नुसत्या उंचीला दोन युनिटच्या वर लागतात आणि उतरताना त्यातले काही परत मिळतात. तो कागद आप्पांनी देवघराच्या ड्रॉवरमध्ये ठेवलाय.

आता नव्या गाडीची बाजूही सांगते, नाहीतर म्हणशील ही प्रेमातच पडलीय. पुण्याला जाऊन-येऊन न थांबता होईल, हे एकच कारण पुरेसं आहे. थांबावं लागलंच तर आपली गाडी पंचवीसेक किलोवॉटच्या वर घेतच नाही, समोर साठची मशीन असली तरी. नवी घेते, म्हणून तासाचं काम चाळीस मिनिटांवर येतं आणि तेवढ्यात बॅटरीही मोठी भरते. आईला तेवढं बसवतं. चिनू म्हणते बॅटरी भाड्याने मिळते ती गाडी घे. एमजीची विंडसर आली तेव्हा किलोमीटरला साडेतीन रुपये भाडं होतं. मी तिला विचारलं, घरच्या विजेवर आपला किलोमीटर दीड-पावणेदोन रुपयांत पडतो, मग नुसत्या भाड्यापायी दुप्पट कशाला? सतीश म्हणतो, पेट्रोल गाड्यांचा जीएसटी उतरलाय, तीच घेऊ. त्याच्याशी मी या विषयावर बोलणं सोडलंय.

मला खरं अडलंय ते इथं. बॅटरी बनवताना जेवढं खणून-जाळून झालं, तेवढं तिच्याकडून चालवून घ्यायला नको का? नवी गाडी माझ्या दारात आली म्हणून ९१ टक्क्यांची जुनी कुठल्यातरी लॉटमध्ये उन्हात पडली, तर मग आपण एवढी वर्षं कशासाठी बोलत होतो? पेट्रोलची गाडी विकताना असं वाटलं नव्हतं. ती झिजलेलीच होती.

आणि परवा मेढ्याची नर्सताई आली, आप्पांचं बीपी बघायला येते ती. रोज मेढा-सातारा, येऊन-जाऊन साठच्या आत, तेही स्कूटीवर, पावसातसुद्धा. गाडी विकणार असं आप्पांनी तिला सांगून टाकलेलं! ती म्हणाली, "ताई, मला पुण्याला जायचंच नसतं." तेवढ्या एका वाक्यात माझा सगळा गुंता हलला. माझी अडचण पुण्याची, तिला पुणं नकोच आहे. एकदा भरली की तिला तीन दिवस बघायला नको. वॉरंटी २०२८ च्या दिवाळीपर्यंत आहे. आपसात व्यवहार केला तर जीएसटीही नाही, तो गाड्यांच्या व्यापाऱ्याच्या नफ्यावर असतो. ती बँकेचं कर्ज काढून साडेसहापर्यंत जाईल म्हणते. मला वाटतं तिलाच द्यावी. पण तिच्या नवऱ्याने विचारलं, "बॅटरी बदलायची वेळ आली तर?" तेव्हा मी तोंडाने काही कबूल केलं नाही. वहीतलं पान दाखवलं आणि हायवेला, पावसात, आईला घेऊन काय झालं तेही सगळं सांगितलं. कर्ज काढून घेणारी आहे गं ती. तिला अंधारात ठेवून मला झोप लागणार नाही.

सतीश म्हणतो शोरूमचा एक्स्चेंज बोनस बुडेल. बुडू दे. साडेसहा आणि पाचमध्ये दीड लाखाचा फरक आहे, बोनस काही तेवढा नाही.

तुझं काय? बदलीची ऑर्डर आली का अकोल्याची? भाऊजींचा गुडघा कसा आहे? बारक्याने इलेक्ट्रिकल घेतलं हे ऐकून इतका आनंद झाला, त्याला माझ्याकडून वहीभर कागद आणि एक मल्टिमीटर. जयसिंगपूरचं भडंग पाठवलं होतं, पोचलं का ते कळवलं नाहीस.

आता तुझं काम. ते बारा टक्के मी अंदाजाने धरलेत. चार्जर गाडीतलाच आहे, ३.३ किलोवॉटचा, आणि रात्री गारवा होता. तू असतीस तर दहा धरले असतेस की पंधरा? पंधरा धरले तर बॅटरी ८८ वर येते, आणि मग तिला सांगायचा आकडा बदलतो. तुझ्या ऑफिसातला करंट मोजायचा क्लॅम्प मीटर दोन दिवस मिळत असेल तर घेऊनच ये, कास बघणं होईल आणि आप्पाही वाट बघतायत. यायला जमत नसेल तर शनिवारच्या आत आकडा कळव. त्याआधी मी तिच्याकडून बयाणा घेणार नाही.

तुझी,
मंजी