मावशी, माझ्या नावची मूठ

प्रिय मावशी,

ख्रिस्तात सलाम.

हे पत्र तुम्हाला स्वतः वाचता येणार नाही. डोळ्यात मोतीबिंदू उतरला आहे आणि तुम्ही ऑपरेशनचं नाव काढू देत नाही. म्हणून तुमच्या गल्लीतल्या पोट्टीला सांगितलंय, मोबाईलवर वाचून दाखव म्हणून. सगळ्यांसमोर लिहिते आहे, कारण आपल्या मंडळीतल्या आणखी काही जणांच्या कानावर हे गेलं तर बरंच होईल.

मागच्या रविवारी कापणीच्या सणाला मी चर्चमध्ये दिसले, तर दोन-चार बायकांनी डोळे पुसले. खोटं कशाला बोलू, मी उपासनेसाठी आलेच नव्हते. धाकट्याचा बाप्तिस्म्याचा दाखला हवा होता, तेवढ्यासाठी चौदा महिन्यांनी त्या पायऱ्या चढले. बाहेर अर्पणाच्या मालाची हर्रास, म्हणजे लिलाव, सुरू होती. एका भोपळ्यावरून दोन भावांची इरेसरी लागली होती अन् खजिनदार त्यात गुंतलेले, म्हणून अर्पणाची वही माझ्या हातात देऊन गेले. वही हातात आली की माणूस आधी स्वतःचं नाव शोधतो. मी शोधलं ते कुठून कापलंय हे बघायला.

प्रभूसाठी बाजूला काढलेल्या मुठीच्या धान्याच्या पानावर माझं नाव होतं. पुढे ‘तांदूळ, जमा’. मागचं पान उलटलं, तिथंही तेच. चौदा महिने, चौदा वेळा. मला वाटलं, नावांचा घोळ झाला. खजिनदार परत आल्यावर विचारलं, तर सहज म्हणाले, "मावशी आणते ना. तुमच्या नावची पिशवी वेगळी असते तिची."

तुम्ही कडुनिंबाखाली बसला होता. मी आले तेव्हा मला नीट बोलताही येईना. तुम्ही म्हणाल्या, "तुह्यं नाव कापाले मी काय पटवारी आहो?" आणि लगेच विषय बदलून, "भाऊ जेवते का आता आपल्या हातानं?"

मावशी, तुमचं एकटीचं रेशन कार्ड. माणशी पाच किलो धान्य, त्यात गहू किती अन् तांदूळ किती ते मला माहीत आहे, कारण आमच्याही घरी तेच येतं. ज्या दिवशी भात टाकायचा त्या दिवशी चुलीपुढे आधी एक मूठ प्रभूची काढायची, हे आपल्या बायकांना आयांनी शिकवलेलं. पूर्वी ज्वारीची मूठ असायची. आता शेतात कापूस अन् सोयाबीन, ज्वारी पेरतो कोण? म्हणून रेशनचा तांदूळ. त्यातून तुम्ही दोन मुठी काढत होत्या. एक तुमची, एक माझी. आणि माझी मूठ तुमच्या पिशवीत मिसळू दिली नाही. मी तीन रात्री यावरच अडकले आहे. देवाला सगळं कळतं, त्याला वेगळी पिशवी कशाला लागते? ती वहीसाठी होती. वहीत माझी जागा रिकामी दिसू नये म्हणून.

आता दुसऱ्यांचं थोडं सांगते. मागच्या वर्षी मे महिन्यात, वखरणी चालू असताना, ह्यांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. सेवाग्रामच्या दवाखान्यात नेलं, जीव वाचला. घरी आल्यावर पहिले पंधरा दिवस माणसांची रीघ होती, बिस्किटाचे पुडे ठेवायला जागा नव्हती. मग रीघ आटली आणि मोबाईलवर वचनं यायला लागली. पहाटे पाचपासून, फुलाच्या चित्रासकट. देवाचं वचन खोटं नाही, पण ह्यांना कूस बदलून द्यायला एक माणूस हवा होता, आणि फुलाला हात नसतात.

पोळ्यानंतर ते बाहेरचे प्रचारक आले. त्यांचं नाव घेत नाही. आमच्या माणसाला मंडपात नेलं, माईक लावला, बायबलातली लकव्याच्या माणसाची गोष्ट सांगितली अन् ओरडले, "ऊठ, आपली बाज उचल!" हे भोळे, खरंच उठायला गेले आणि पडले. कोपर फुटलं. तर प्रचारक माईकवर म्हणतात, या घरात कोणाचा तरी विश्वास उणा आहे. म्हणताना बघितलं माझ्याकडे. रक्त पुसायला मी खाली बसले होते. आपली सगळी मंडळी तिथे होती, मावशी. पाळकही होते. सगळ्यांना एकाच वेळी आपापल्या चपला दिसायला लागल्या. तुम्ही त्या दिवशी कापूस निंदायला गेला होता, हे मला माहीत आहे. त्यानंतर मी गेले नाही.

तुम्हाला वाटेल ही बाई नास्तिक झाली. तसं नव्हतं. मी विश्वासात जन्मलेली. १९५३पासून यवतमाळला सेमिनरी, म्हणजे पाळक घडवणारी शाळा, होती, तिथली पोरं सायकली हाणत खेड्यात यायची, आणि माझी आजी त्यांना झुणका-भाकर केल्याशिवाय परत जाऊ द्यायची नाही. १९८३मध्ये सेमिनरी पुण्याला गेली, तेव्हा मी सहा वर्षांची. सायकली बंद झाल्या, आजीची दिवेलागणीची प्रार्थना बंद झाली नाही. तेविसावं स्तोत्र मला वाचता येण्याआधी पाठ होतं. बायबलात पौलाने तीमथ्याला त्याच्या आजीच्या विश्वासाची आठवण करून दिली आहे ना, लोईसच्या, तेव्हा मला नेहमी आमच्या आजीचं लुगडं दिसतं.

पण आजी जाते, आई जाते. पोरं मोठी होतात, कर्ज, पाऊस, दवाखाना. येशूने सांगितलेला पेरणाऱ्याचा दाखला आपण दरवर्षी ऐकतो. वाटेवर पडलेलं बी, खडकाळ जमीन, काटेरी झुडपं. आम्हा शेतातल्या बायकांना एक प्रश्न पडतो: निंदणारी कुठे आहे? पेरणी दोन दिवसांत उरकते, निंदण अन् डवरणी कापूस हाती येईपर्यंत पुरते. मंडळीत सगळ्यांना पेरायचं असतं, माईक लावून. वाकायला कोणी तयार नाही.

तुम्ही वाकलात. दर गुरुवारी यायच्या, बाजेशेजारी बसून आमचीच तूर निवडत बसायच्या. "चर्चले काहून येत नाही?" असं एकदाही विचारलं नाही. मोठ्याने प्रार्थनाही केली नाही, त्याबद्दल तर तुमचे वेगळे आभार. नारायण वामन टिळकांचे ख्रिस्ती अभंग मात्र गुणगुणायच्या. आणि एका गुरुवारी, ज्यांच्या तोंडून ‘पाणी’ शब्द फुटत नव्हता, त्यांनी तुमच्यामागे अख्खी ओळ म्हटली! मी परातीसकट उठले. डॉक्टर नंतर म्हणाले, असं होतं, बोलण्याची अन् गाण्याची जागा मेंदूत एकच नसते. असेल. टिळक नागपूरहून राजनांदगावला चालले होते, तेव्हा गाडीच्या डब्यात एका गोऱ्या मिशनऱ्याने त्यांच्या हातात बायबल ठेवलं, हे तुम्हीच मला सांगितलं होतं. बाप्तिस्मा लगेच नाही झाला, तो १८९५मध्ये. डब्यातल्या त्या माणसाने काही माईक लावला नव्हता, एवढंच माझं म्हणणं.

सण झाला त्या रात्री मी मार्काच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय काढला. त्या मंडपानंतर ते पान मी उघडलंच नव्हतं. चौघं जण लकव्याच्या माणसाला उचलून आणतात, गर्दीमुळे दार मिळत नाही, तर छप्पर उकलतात. आमच्यासारखं धाब्याचं घर असणार, माती खाली पडली असेल सगळ्यांच्या डोक्यावर. आणि पाचव्या ओवीत लिहिलंय, येशूने *त्यांचा* विश्वास पाहिला. त्यांचा. बाजेवरच्या माणसाच्या विश्वासाबद्दल तिथं चकार शब्द नाही. त्याच्या बायकोबद्दल तर नाहीच. प्रचारकांनी ही ओवी ओलांडून थेट ‘ऊठ’वर उडी मारली होती. मी ह्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. त्यांनी डाव्या हाताने मला पुन्हा वाच अशी खूण केली. पुन्हा वाचलं.

चांगुलपणा आपल्याच मंडळीत राहतो असंही मी म्हणत नाही. आमची पेरणी शेजारच्या बौद्ध भावाने आपल्या ट्रॅक्टरने करून दिली, डिझेलचे पैसे घेतले नाहीत, वर मलाच रागावला विचारलं म्हणून. किराणावाल्याने उधारीची वही सहा महिने उघडली नाही. ही माणसं कुठल्या सभेत बोलताना दिसत नाहीत.

ह्यांचं चालणं अजून नाही. उजवा हात थोडा हलतो. जेवतात डाव्या हाताने, पण आपल्या हाताने, तुम्ही विचारलं होतं म्हणून सांगते.

नाताळला चर्चमध्ये यायचं म्हणतात. मंडप नको, चर्चच. तिथल्या पायऱ्या तीन आहेत, खुर्ची उचलायला चौघं लागतील. माझा मोठा आहे, शेजारचा ट्रॅक्टरवाला स्वतःहून हो म्हणाला, किराणावाल्याचा पोरगा आहे. चौथा तुम्ही बघा.

तुमची,
खालच्या आळीतली