डब्यातला पिवळा उजेड

कोथरूड, पुणे

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र आणि फोटो मिळाले. गेरूच्या रंगातली तुझी छोटी मॉडेल पॅसेंजर गाडी बघून फार आनंद झाला. खिडक्यांचे आडवे गज एकेक करून बसवणं म्हणजे खायचं काम नाही. आता त्या गजांमागे उजेड हवाच.

पांढरी एलईडी पट्टी लावून पाहिलीस आणि गाडी आपली वाटेना, असं लिहिलंयस. वाटणार कशी? तुझे डबे ऐंशीच्या दशकातले. तेव्हा डब्याखाली आसाला पट्ट्याने जोडलेला डायनॅमो असायचा. गाडी धावायला लागली की तो वीज करायचा आणि बॅटऱ्या भरायचा. गाडी उभी राहिली की दिवे बॅटरीवर. बॅटऱ्या थकलेल्या असल्या तर स्टेशनात शिरता शिरता सगळा डबा मंद पिवळा व्हायचा, आठवतं ना? आपल्याला तोच उजेड हवाय. म्हणून २७०० ते ३००० केल्विनचे, पिवळसर झाक असलेले एलईडी घे, आणि मुख्य म्हणजे त्यांना वीज कमी दे. पाकिटावर २० मिलीअँपिअर लिहिलेलं असतं, पण डब्याला दोन-तीन मिलीअँपिअर पुष्कळ होतात. नवे लोक इथेच घाई करतात. दिवा लागला या आनंदात तो किती लागावा हे बघायचं राहून जातं.

मॉडेलमध्येही वीज चाकांतूनच येते, ही गोष्ट मला या छंदात सगळ्यात जास्त आवडते. खऱ्या डब्यात चाक फिरून वीज तयार व्हायची, इथे चाक रुळावरून ती उचलतं. तुझे दिवे लुकलुकतात त्याचं मूळही तिथेच आहे. एका बोगीतून (म्हणजे डब्याखालच्या चाकांच्या गाड्यातून) डाव्या रुळाची वीज आणि दुसरीतून उजव्या, अशी जोडणी तू केलेली दिसते. मग कुठल्याही एका बोगीखाली कचरा आला की दिवा गेलाच. दोन्ही बोग्यांतून दोन्ही रुळांची वीज उचल. ती उचलणारी फॉस्फर ब्राँझची पातळ पट्टी चाकाच्या आतल्या अंगाला अगदी अलगद टेकली पाहिजे. जोरात दाबलीस तर ब्रेक लागल्यासारखं होऊन चढावर इंजिनाला सगळे डबे ओढवणार नाहीत. रूळ आणि चाकं आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घे. सँडपेपर मात्र रुळाला लावू नकोस, चरे पडतात आणि त्या चऱ्यांत घाण पुन्हा बसते.

आता सर्किट. तू डीसीसी, म्हणजे रुळांतूनच इंजिनाला डिजिटल हुकूम देणारी यंत्रणा, घेतलीस हे उत्तम झालं, कारण रुळांत सतत चौदा-पंधरा व्होल्ट असतात आणि गाडी उभी असली तरी दिवे जळतात. पण त्या विजेची दिशा सेकंदाला हजारो वेळा पालटते, म्हणून ती एकाच दिशेने वळवणारा ब्रिज रेक्टिफायर आधी लाव. त्याच्या पुढे तीन एलईडी एका माळेत आणि त्यांना मिळून वीज रोखणारा एकच रेझिस्टर. तीन एलईडी मिळून नऊएक व्होल्ट खातात, ब्रिजमध्ये आणखी सव्वा-दीड व्होल्ट जातो. उरलेल्या साडेतीन-चार व्होल्टांसाठी दीड-दोन किलोओहमपासून सुरुवात कर. खोलीतला दिवा मालवून बघ, आणि उजेड जास्त वाटला तर रेझिस्टर वाढवत जा. हे काम मीटरपेक्षा डोळ्यांनी करायचं.

लुकलुकणं पूर्ण जायला ४७० मायक्रोफॅरडचा, २५ व्होल्टचा कपॅसिटर, म्हणजे थोडी वीज साठवणारा भाग, ब्रिजनंतर लाव. एवढ्या कमी विजेवर तो अर्धा सेकंद तरी दिवा धरून ठेवतो, आणि क्रॉसिंगवरून जायला तेवढा वेळ पुरतो. तो संडासाच्या खोलीत आडवा मावतो, बाहेरून दिसत नाही. अधिक-उणे नीट तपास. उलटा लागला तर तापून फुटतो. त्याच्या वाटेत १०० ओहमचा रेझिस्टर आणि त्याला समांतर, वीज एकाच दिशेने जाऊ देणारा एक डायोड हवाच, डायोडची दिशा कपॅसिटरकडून दिव्यांकडे. म्हणजे कपॅसिटर सावकाश भरतो, पण लागेल तेव्हा चटकन रिकामा होतो. हे केलं नाहीस तर वीज सुरू करताच सगळ्या डब्यांतले रिकामे कपॅसिटर एकदम वीज ओढतील आणि डीसीसीच्या यंत्राला शॉर्ट झाल्यासारखं वाटून ते बंद पडेल.

छप्पर लावण्याआधी एक काम. प्लास्टिक पातळ असतं, आत दिवा लागला की अख्खा डबा आकाशकंदिलासारखा पेटतो. भिंतींना आणि छताला आतून आधी काळा हात मार, तो वाळल्यावर वर क्रीम रंगाचा. काळ्याने उजेड अडतो, क्रीमने तो आतल्या आत पसरतो. छताच्या जोडाची फट अंधारात तपासायची.

इंजिनाचं फार लिहीत नाही. इंजिनात बसून डीसीसीचे हुकूम पाळणाऱ्या डीकोडरची निळी तार सामाईक अधिक, पांढरी पुढच्या दिव्याची, पिवळी मागच्या, आणि प्रत्येक एलईडीला स्वतंत्र रेझिस्टर.

शेवटच्या डब्यावर मात्र वेळ घालव. तिथला लाल दिवा बघून गाडी अख्खी आली, मागे डबा सुटून राहिला नाही, हे स्टेशनवाल्यांना कळतं. त्यासाठी तीन मिलिमीटरचा एलईडी वापरू नकोस. आपल्या १:८७ च्या मापात तो सव्वीस सेंटिमीटरचा होतो, म्हणजे परातीएवढा दिवा! ०६०३ मापाचा चिप एलईडी घे, दीड मिलिमीटरच्या आसपास लांब. चिमट्यात धरून, भिंगाखाली, केसाइतकी बारीक इनॅमलची तार सोल्डर करायची. तारेच्या टोकावरचं इनॅमल आधी गरम सोल्डरच्या थेंबात जाळून घे, म्हणजे डाग पटकन बसतो आणि एलईडीला फार आच लागत नाही.

आणि माझा एक हट्ट. स्लीपरच्या डब्यात रात्रीचा निळा दिवा टाक. प्रत्येक कंपार्टमेंटला एक, दहा-पंधरा किलोओहमवर, जेमतेम जाणवेल एवढाच. डब्याखाली छोटा स्विच ठेव: एकीकडे पिवळे, दुसरीकडे निळे. तू बर्थवर झोपलेली माणसं ठेवली आहेस, त्यांच्या डोक्यावर पिवळा दिवा कशाला?

एवढं झालं की एक रविवार इकडे काढ. भाऊ जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८ पासून इथे कोथरूडलाच आहे, आणि तू अजून ते पाहिलेलं नाहीस. तुझी पॅसेंजर घेऊनच ये, माझ्या रुळांवर रात्रीची चालवू.

पुढच्या आठवड्यात तपकीर गल्लीत जाणार आहे. ब्रिज, कपॅसिटर आणि तार तुझ्यासाठीही आणतो. फक्त बोग्यांची चाकं धातूची आहेत की प्लास्टिकची ते लगेच कळव. प्लास्टिकची असतील तर आधी ती बदलावी लागतील, बाकीचं सगळं त्यानंतर.

वहिनींना नमस्कार, मुलांना अनेक आशीर्वाद.

तुझा,
अविनाश