बांधून ठेवणे ही सेवा नव्हे

नोएडातील एका वृद्धाश्रमात ज्येष्ठांना बांधून ठेवल्याचे उघड झाल्याची बातमी वाचली. ‘पडू नयेत म्हणून बांधतो’ हा खुलासा अशा ठिकाणी ठरलेला. प्रत्यक्षात बांधलेला माणूस सुटण्याच्या धडपडीत पडतो, पाठीला जखमा होतात, पायांतले बळ जाते. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ चे कलम ९७ स्पष्ट सांगते की, केवळ कर्मचारी कमी आहेत म्हणून रुग्णाला बांधता येणार नाही. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यात मात्र याबद्दल अवाक्षर नाही. अमेरिकेत नर्सिंग होममधील वृद्धांना हे संरक्षण १९८७ च्या कायद्याने मिळाले. राज्य सरकारने वृद्धाश्रमांच्या नियमांत ही तरतूद करावी आणि तपासणी रात्री, न कळवता व्हावी. माणसे कमी असतात ती तेव्हाच.

— एक वाचक, ठाणे