बीसीएचा प्रकल्प गावच्या दूध संस्थेत होऊ द्या

महोदय,

बारावीनंतर बीसीएला, म्हणजे संगणक उपयोजनाच्या पदवीला, जावे का, अशी विचारणा निकाल लागला की घरोघरी सुरू होते. २०२४ पासून हा अभ्यासक्रम एआयसीटीई या केंद्रीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आला, राज्यात सीईटी ही प्रवेश परीक्षा आली, तेव्हापासून प्रवेशाची चर्चा भरपूर होते. शिकवले काय जाते, हे कोणी विचारत नाही.

बहिःस्थ परीक्षक म्हणून मी प्रकल्पांच्या तोंडी परीक्षा घेते. वर्षानुवर्षे तेच विषय: लायब्ररी मॅनेजमेंट, हॉस्पिटल मॅनेजमेंट, हॉटेल बुकिंग. कोड विकत आणलेला, अहवाल मात्र सोनेरी अक्षरांत बांधलेला. ‘माहितीचे हे टेबल (तक्ता) वेगळे का केले?’ एवढे विचारले तरी मुले एकमेकांकडे बघतात. मुलांना बोल लावण्यात अर्थ नाही. ज्या कामासाठी ही प्रणाली असते ते काम त्यांना कोणी दाखवलेलेच नसते.

करवीर तालुक्यातल्या एका मुलीने गावच्या दूध संस्थेचे काम निवडले होते. दोन वेळचे संकलन, फॅट, एसएनएफ (दुधातले स्निग्धांशाव्यतिरिक्त घन घटक), दर दहा दिवसांचे बिल, त्यातून पशुखाद्याची आणि ॲडव्हान्सची कपात. सुरुवातीला तिने प्रणालीत दुधाचा दर एकाच जागी ठेवला. दरपत्रक बदलले आणि मागची बिलेही बदलून निघाली! सचिवांनी जुनी वही पुढे ठेवली तेव्हा चूक सापडली. मग तिने प्रत्येक दराला ‘कधीपासून लागू’ ही तारीख जोडली. संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेले रिलेशनल मॉडेल, म्हणजे माहिती एकमेकांशी जोडलेल्या तक्त्यांत ठेवण्याची पद्धत, सगळीच मुले पाठ करतात. ते कशासाठी, हे तिला त्या वहीने शिकवले.

बँका, विमा, साखर कारखाने, सगळीकडे हीच समज लागते. कोड आता एआयसुद्धा लिहून देते. पण बिल निघाल्यावर आलेली पशुखाद्याची उचल कुठल्या बिलात धरायची, हे सचिवांजवळ बसूनच कळते.

म्हणून विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांना विनंती आहे की शेवटच्या वर्षाचा प्रकल्प पतसंस्था, दूध संस्था, बाजार समिती अशा ठिकाणीच करायला लावावा. नव्या शैक्षणिक धोरणात ‘ऑन जॉब ट्रेनिंग’ला श्रेयांक आहेतच, ते इकडे वळवता येतील. सभासदांची नावे आणि खाते क्रमांक बाहेर जाणार नाहीत, याची हमी महाविद्यालयाने द्यावी. आणि निम्मे गुण तोंडी परीक्षेला ठेवावेत, म्हणजे विकतच्या प्रकल्पांना गिऱ्हाईक उरणार नाही.

– एक प्राध्यापिका, कोल्हापूर