काळ्या पट्टीशेजारची पारदर्शक पट्टी

आदरणीय मॅडम,

सादर प्रणाम. पानाला उजेड का लागतो हे आमच्या सातवीच्या मुलांना आता पाठ करावे लागत नाही, ती ते करून दाखवतात. हे तुमच्यामुळे झाले. चारचौघांना ते कळावे, म्हणून हे उघड पत्र.

जास्वंदीचा प्रयोग आमच्याकडे दरवर्षी होतो. कुंडी दोन दिवस अंधारात ठेवायची, म्हणजे पानातला स्टार्च, म्हणजे पानाने बनवून साठवलेले अन्न, संपतो. मग पानाला काळी पट्टी लावून कुंडी उन्हात न्यायची. शेवटी, स्टार्चला निळे-काळे करणारे आयोडीन घातले की उघडा भाग निळा-काळा होतो, पट्टीखालचा होत नाही. यंदा एका मुलीने विचारले, “टीचर, पट्टीने हवासुद्धा अडते ना? मग उजेडच कारण कशावरून?” तिचा प्रश्न मी तुम्हाला फोनवर सांगितला आणि त्याच शनिवारी तुम्ही फोंड्याहून बसने वाळपईला आलात.

त्याच पानावर, काळ्या पट्टीशेजारी, तेवढ्याच मापाची पारदर्शक प्लास्टिकची पट्टी लावा, असे तुम्ही सुचवलेत. हवा दोन्हींखाली अडणार, उजेड मात्र एकीखालीच. पारदर्शक पट्टीखालचे पान निळे-काळे झाले आणि मुलीला तिचे उत्तर मिळाले, मला काही सांगावे लागले नाही. इतका साधा, इतका नेमका उपाय मी क्वचितच पाहिला आहे.

आयोडीनचा रंग नीट दिसावा म्हणून आधी पानातला हिरवा रंग काढावा लागतो, त्याला स्पिरिट लागते. ते ७८ अंशांनाच उकळते, तेव्हा किटलीतले कढत पाणी भांड्यात ओतून त्यात स्पिरिटची परीक्षानळी ठेवली की पुरे, वर्गात ज्योत नकोच, हेही तुम्हीच शिकवलेत. या एका गोष्टीने माझी मोठी काळजी मिटली. काही मुले घरून कांद्याची पात आणणार होती. कांदा पानात स्टार्च साठवत नाही, हे तुम्ही वेळीच सांगितलेत. वनस्पतिशास्त्रज्ञ युलियुस झाक्स यांनी १८६०च्या दशकात जर्मनीत अर्धे झाकलेले पान घेऊन हेच तपासले होते, ही गोष्ट तर मुले घरोघरी सांगत सुटली.

आता त्यांना पांढऱ्या ठिपक्यांचे मनी प्लांटचे पान तपासायचे आहे. रंग काढण्याआधी ठिपक्यांचा नकाशा वहीत काढून ठेवायचा, असे त्यांनीच ठरवले आहे. पाऊस सरून ऑक्टोबरचे ऊन पडले की करू. तेव्हा तुम्ही यावे, अशी सगळ्यांची विनंती आहे.

आपली कृतज्ञ,
सातवीची विज्ञान शिक्षिका, वाळपई